माझ्यानंतर बघणारं कुणी नव्हतं

गेल्या वर्षी भादव्याच्या अखेरीस शेजारच्या वस्तीवरचा तरुण शेतकरी पावसात भिजत आमच्या पडवीत आला. पौडच्या पुढे, मुळशी धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर त्याचं आणि माझं घर दोन बांधांच्या अंतरावर आहे. त्याचं भात पोटरीला आलं होतं आणि रात्री रानडुकरं खाचरात उतरू लागली होती. त्याच्या घरी वडिलांच्या वेळेपासून पीक संरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बारा बोअर बंदूक आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर परत घरी येते. त्या दिवशी त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली चार काडतुसं होती, आणि खिशात काही रिकाम्या पुंगळ्या.

“काका, तुम्ही अमेरिकेत काडतुसं घरीच भरायचा ना? या पुंगळ्या मला भरून द्याल का? दुकानात एकेक काडतूस केवढ्याला पडतं!”

मी नाही म्हणालो. कायद्याचं कारण उघड होतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस तयार करायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना त्यासाठी चालत नाही. हे त्याला लगेच पटलं. पण जाता जाता त्याने विचारलं, “पण तुम्हाला येतं ना, काका?”

‘येतं’ हा शब्द माझ्या जिभेवर आला आणि तिथेच थांबला. मी त्याला बसायला सांगितलं, चहा टाकला, आणि आजवर घरच्या माणसांनाही नीट न सांगितलेली गोष्ट त्याला सांगितली. तीच इथे लिहितो आहे.

माझं लहानपण खडकीत गेलं. वडील तिथल्या अम्युनिशन फॅक्टरीत तपासणीच्या कामावर होते. १८६९ पासूनचा हा कारखाना. आमच्या वस्तीतल्या निम्म्या घरांची चूल त्याच्यावर पेटायची. वडील घरी कामाचं फारसं बोलत नसत. मात्र गेजबद्दल बोलत. एक बाजू ‘जाते’, दुसरी ‘जात नाही’. पहिली बाजू गेली आणि दुसरी अडली, तर वस्तू पास. दोन्ही गेल्या किंवा दोन्ही अडल्या, तर बाजूला. ती चांगली दिसते का, किती मेहनतीने बनवली, महिनाअखेरीचा आकडा पुरा व्हायचाय का, यातलं काही गेजला विचारायचं नसतं, असं ते म्हणत. जुन्या बाजारातून त्यांनी स्वतःसाठी एक इंची मायक्रोमीटर घेतला होता. १९७९ साली मी अमेरिकेला निघालो तेव्हा तो त्यांनी माझ्या बॅगेत घातला.

ओहायोत मी एका यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागलो. तिथल्या एका वयस्कर टूलमेकरने मला नेमबाजीची गोडी लावली. दर शनिवारी तो मला गावाबाहेरच्या रेंजवर घेऊन जाई. १९८४ साली मी माझं पहिलं रिव्हॉल्व्हर घेतलं, .३५७ मॅग्नमचं. पन्नास काडतुसांची एक पेटी तासाभरात संपायची आणि तिची किंमत मला झेपत नव्हती. म्हणून, तिथल्या हजारो नेमबाजांप्रमाणे, मीही गॅरेजमध्ये काडतुसं भरायला लागलो. तिथे कायद्याने ते चालतं.

काडतूस भरणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. गोळी झाडल्यावर पितळी पुंगळी हातात उरते. ती साच्यातून दाबून पुन्हा मूळ मापाला आणायची, तळाला नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, बसवायचा, तराजूवर तोललेली दारू घालायची, वर गोळी बसवायची आणि पुंगळीची कड गोळीवर किंचित दुमडायची. पुंगळी तीच राहते, प्रायमरच्या जाती मोजक्याच असतात आणि दारूचं वजन पुस्तकात छापलेलं असतं. गोळ्यांचे मात्र दुकानात पन्नास प्रकार मांडलेले असतात. माझ्या सगळ्या चुका त्या फळीसमोर उभं राहून झाल्या.

त्या फळीवरचा सापळा असा होता. .३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ साली स्मिथ अँड वेसनने आणलं. जुन्या .३८ स्पेशलची पुंगळी सुमारे साडेतीन मिलिमीटरने लांब करून ते बनवलं होतं. लांबी वाढवण्यामागे मोठं कारण होतं सुरक्षेचं: हे जोरकस काडतूस जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये. .३८ स्पेशलचा कमाल दाब चौरस इंचाला १७,००० पौंड, तर .३५७ मॅग्नमचा ३५,००० पौंड. दाब दुपटीहून जास्त, पण दोन्हींत बसणाऱ्या गोळीची जाडी एकच. त्यामुळे दोन्हींच्या गोळ्या एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. चुकीचं काडतूस बंदुकीत जाऊ नये याची काळजी बनवणाऱ्यांनी घेतली होती. चुकीची गोळी काडतुसात जाऊ नये याची काळजी भरणाऱ्यानेच घ्यायची होती.

पहिल्या वेळी मी किंमत बघितली. साच्यात दाबून बनवलेल्या, जवळपास शुद्ध शिशाच्या १५८ ग्रेनच्या गोळ्या सगळ्यांत स्वस्त होत्या. शुद्ध शिसं इतकं मऊ असतं की नखाने ओरखडा उठतो. त्या गोळ्या .३८ स्पेशलच्या संथ वेगासाठी होत्या. मी त्यांच्यामागे मॅग्नमची पूर्ण दारू भरली. पुस्तकातलं वजन तांब्याच्या कवचाच्या गोळीसाठी दिलेलं होतं. ती ओळ मी वाचली होती; पण वजन तर १५८ ग्रेनच आहे, मग काय फरक पडतो, असा हिशेब केला.

पहिल्या बारा गोळ्या ठीक गेल्या. पुढच्या सहा फाकल्या. चौथ्यांदा सिलिंडर भरून झाडलं तेव्हा कागदावर गोल भोकांऐवजी गोळीची आडवी आकृती उमटली होती. गोळ्या नळीतून फिरकी न घेताच, कोलांट्या खात बाहेर पडत होत्या. नळीत बघितलं तर गोळीला फिरकी देणारे आतले आटे दिसेनात. शिशाचा राखाडी थर त्यांच्यात भरून बसला होता. त्या दाबाला आणि वेगाला मऊ शिसं आट्यांना धरूनच राहू शकलं नव्हतं. ते नुसतं खरवडून निघालं होतं.

रेंजवर कुणी तरी म्हणालं, तांब्याच्या कवचाच्या चार गोळ्या मार, नळी साफ होते. मी मारल्या. नळी आधीच शिशाने आकसलेली असताना तिच्यातून कठीण गोळी पूर्ण दाबाने ढकलली, तर दाब आणखी चढतो, एवढं यंत्रशास्त्र मी कॉलेजात शिकलो होतो. त्या दिवशी काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून मी त्याला चूक मानलंच नाही, आणि पुढची दोन वर्षं तेच करत राहिलो.

दुसऱ्या वेळी मी भीतीने निवड केली. मऊ गोळीने दगा दिला, तर आता मिळेल तितकी कठीण घ्यायची, असं ठरवलं. छापखान्यातल्या लायनोटाइपच्या धातूपासून ओतलेल्या गोळ्या तेव्हा मिळत. शिशात अँटिमनी आणि कथील मिसळलेलं. कठीणपणाच्या ब्रिनेल मापावर शुद्ध शिसं पाचच्या आसपास असतं, तर ही मिश्रधातू बावीसच्या. एकदम दोन हजार गोळ्या मागवल्या. पहिल्याच दिवशी नळीच्या सुरुवातीच्या दोन इंचांत पूर्वीपेक्षाही जास्त शिसं बसलं.

मला काही कळेना. टूलमेकरला दाखवलं. त्याने गोळी बोटांत फिरवली आणि विचारलं, “तुझ्या सिलिंडरच्या खणांची तोंडं किती आहेत?” मला माहीत नव्हतं. “नळी किती आहे?” तेही माहीत नव्हतं. तो काही बोलला नाही. मऊ शिशाचा एक तुकडा त्याने लाकडी दांडीने माझ्या नळीतून हळूहळू ठोकत बाहेर काढला. त्या तुकड्यावर आट्यांचा ठसा उमटला होता. मग सहाही खणांची तोंडं पिनांनी मोजली. नळी ०.३५७ इंच भरली. खणांची तोंडं ०.३५८ आणि थोडी वरच. माझ्या कठीण गोळ्या मात्र ०.३५७ च्या होत्या.

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस सिलिंडरच्या खणात असतं आणि नळी वेगळी असते. गोळी खणाच्या अरुंद तोंडातून निघते, मधली बारीक फट ओलांडते आणि नळीत शिरते. गोळी त्या तोंडापेक्षा बारीक असली, तर मागचा तापलेला वायू तिच्या कडेने पुढे निसटतो आणि जाता जाता तिचं अंग कापत नेतो. थोडी मऊ गोळी दाबाखाली फुगून ती फट बुजवते. माझी गोळी इतकी कठीण होती की फुगलीच नाही. कठीणपणा मी विकत घेतला होता. दुखणं मापाचं होतं.

त्याने एवढंच म्हटलं, की आधी बंदूक मोजायची, मग गोळी घ्यायची. हजारांश इंचाच्या हिशेबात माझा दिवस जात होता. कारखान्यात एकही सुटा भाग मी ड्रॉइंगशिवाय स्वीकारत नव्हतो. घरी आल्यावर मात्र माझ्या लेखी ते सगळं संपायचं.

१९८८ च्या उन्हाळ्यात वडील चार महिने आमच्याकडे राहायला आले. मी त्यांना मोठ्या हौसेने गॅरेज दाखवलं: प्रेस, साचे, तराजू, रांगेत लावलेली काडतुसं. त्यांना बरं वाटेल, आपला मुलगा आपल्याच कामाच्या जवळ आला असं वाटेल, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघितली आणि विचारलं, “गेज कुठंय?”

मी म्हणालो, “घरच्यासाठी एवढं कशाला, बाबा? मी एकेक बघूनच भरतो.”

ते म्हणाले, “घरी तर जास्त लागतं. फॅक्टरीत माझ्यानंतर बघणारा दुसरा माणूस असतो. त्याच्यानंतर तिसरा असतो. इथं तुझ्यानंतर कोण आहे?”

त्यांनी दिलेला मायक्रोमीटर आतल्या खोलीत कपाटाच्या खणात होता. नऊ वर्षांत मी तो दोनदा काढला असेल. त्या रात्री मी तो गॅरेजमध्ये आणून ठेवला. ते परत गेल्यावर काही महिने वापरलाही. त्यामुळे पुढे जे झालं ते न मोजल्याने झालं, असं मला म्हणता येत नाही.

मधली एक चूक थोडक्यात सांगतो. एका छोट्या, हलक्या रिव्हॉल्व्हरसाठी मी तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या गोळ्या घेतल्या. माप अचूक होतं. पण त्यांच्या अंगावर पुंगळीची कड दुमडून बसवायला खाच नव्हती. हलकी बंदूक जोराने मागे येते, तेव्हा सिलिंडरमध्ये वाट बघत असलेल्या काडतुसांच्या पुंगळ्याही तिच्याबरोबर मागे खेचल्या जातात. गोळ्या जागच्या जागी राहू पाहतात. चार गोळ्या झाडल्यावर पाचव्या काडतुसातली गोळी सरकून सिलिंडरच्या बाहेर डोकावली आणि सिलिंडर फिरायचं थांबलं. रेंजवर असताना ही नुसती अडचण असते. ज्या माणसाचा जीव त्या बंदुकीवर अवलंबून असेल, त्याच्यासाठी ती काय ठरेल, याचा विचार करत मी तासभर ते अडकलेलं सिलिंडर मोकळं करत होतो. तेव्हापासून जास्त दाबाच्या काडतुसासाठी खाच नसलेली गोळी मी घेतली नाही.

आता सगळ्यांत मोठी चूक.

टूलमेकर तोपर्यंत निवृत्त झाला होता. त्याच्या बोटांना संधिवाताने धरलं होतं आणि काडतुसं भरणं त्याने सोडलं होतं. त्याच्याजवळ त्याच्या वडिलांचं एक जुनं .३५७ रिव्हॉल्व्हर होतं. वर्षातून दोन-तीनदाच तो ते बाहेर काढायचा. १९९१ च्या शरद ऋतूत त्याने मला विचारलं, “माझ्यासाठी पन्नास भरून देशील?” त्या माणसाने मला शिकवलं होतं, आणि आता तो माझ्याकडे मागत होता. मला फार अभिमान वाटला. ती चूक त्या अभिमानातूनच झाली.

त्या वर्षी मी वॉडकटरच्या प्रेमात होतो. वॉडकटर म्हणजे सपाट तोंडाची, डबीसारखी गोळी. कागदावर ती पंच मारल्यासारखं स्वच्छ, गोल भोक पाडते. तिचा एक प्रकार मागून पोकळ असतो. मागची पातळ शिशाची झालर वायूच्या दाबाने पसरते आणि नळीला घट्ट बसते, म्हणून तिचा नेम सुंदर लागतो. ही गोळी सेकंदाला सात-आठशे फुटांच्या वेगासाठी, अगदी कमी दारूसाठी बनवलेली असते. मी तिचं माप घेतलं होतं. ०.३५८. खणाच्या तोंडाला बरोबर. मायक्रोमीटर ‘ठीक’ म्हणत होता.

मला वाटलं, याच गोळीला थोडा जोर दिला तर नेमही राहील आणि मॅग्नमचा रुबाबही. आधी माझ्या बंदुकीत दहा-बारा मारून बघितल्या होत्या. काही झालं नव्हतं. पूर्वी शिसं बसलेल्या नळीत कवचाची गोळी मारल्यावरही काही झालं नव्हतं, तसंच. मी पन्नास काडतुसं भरली, नवी पेटी घेतली, तिच्यावर सुंदर अक्षरात त्याचं नाव लिहिलं.

शनिवारी सकाळी आम्ही रेंजवर गेलो. पहिल्या सहा गोळ्या त्याने सावकाश मारल्या. दुसऱ्यांदा सिलिंडर भरलं. तिसऱ्या गोळीनंतर तो थांबला. बंदूक खाली रोखून धरली आणि दुर्बिणीतून लक्ष्याकडे बघितलं. दोन भोकं नेहमीसारखी गोल होती. तिसरं बरंच खाली होतं आणि त्याची कड फाटलेली होती. त्याने माझ्याकडे बघितलं. तो माझं मत विचारत होता, कारण ती काडतुसं माझी होती आणि त्यांत काय आहे ते मलाच माहीत होतं.

मी म्हणालो, “एखादी अशी जातेच. मारा पुढची.”

ते क्षण मी पुष्कळदा आठवले आहेत. लक्ष्यावरचा कागद आम्हाला स्पष्ट सांगत होता की गोळी अख्खी आलेली नाही. दांडी पिशवीत होती. सिलिंडर उघडून नळीत एकदा बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. मला ते अर्धं मिनिट नको होतं; थांबलो तर माझ्या काडतुसांत काही तरी खोट आहे असं कबूल केल्यासारखं झालं असतं. आणि समोरचा माणूस, ज्याने आयुष्यभर स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला, त्याने त्या दिवशी माझ्या शब्दावर ठेवला.

त्याने चौथी मारली. आवाज किंचित जड आला. बंदूक नेहमीपेक्षा जोरात उसळली. त्याने ती खाली घेतली, सिलिंडर उघडलं, काडतुसं काढली आणि नळी आकाशाकडे धरून आतून बघितली. मग माझ्याकडे दिली. नळीच्या मध्याच्या जरा पुढे आतल्या चकाकीत एक काळं कडं दिसत होतं. बाहेरून बोट फिरवलं तर तिथेच फुगवटा लागत होता.

झालं होतं ते असं. जास्त दाबाखाली तिसऱ्या गोळीचं सपाट डोकं पुढे निघून गेलं आणि मागची पातळ झालर फाटून नळीतच अडकली. चौथी गोळी त्या शिशाच्या कड्यावर जाऊन आदळली आणि तिथे नळीचं पोलाद ताणलं गेलं. या प्रकारच्या गोळीमागे जास्त दारू घालू नका, हा इशारा काडतुसं भरण्याच्या पुस्तकांत दिलेला असतो, आणि त्याचं कारण हेच आहे. तो इशारा मी वाचलेला होता.

कुणाला काही इजा झाली नाही. नळी फाटली असती तर त्याचा डावा हात तिच्या जवळच होता.

मी नवी नळी बसवून देतो म्हणालो. त्याने मान हलवली. “ही नळी माझ्या वडिलांची होती,” तो म्हणाला, आणि बंदूक फडक्यात गुंडाळली. उरलेली चाळीस काडतुसं त्याने पेटीसकट मला परत दिली. मी ती घरी एकेक करून फोडली. पेटीवर त्याचं नाव होतं. ती पेटी मी बरेच दिवस टाकली नाही.

आमचं बोलणं थांबलं नाही. तो घरी जेवायला येत राहिला, माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आला. पण रेंजवर तो पुन्हा कधी माझ्याबरोबर आला नाही आणि काडतुसं पुन्हा कधी मागितली नाहीत. रागावला असता तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. तो रागावला नव्हता. त्याने मला तपासून बाजूला ठेवलं होतं. आठ वर्षांनी तो गेला.

त्यानंतर वर्षभर मी प्रेसला हात लावला नाही. पुन्हा सुरुवात केली तेव्हा मी वही घातली. प्रत्येक बंदुकीसाठी एक पान: नळीचं माप, सहाही खणांची तोंडं वेगवेगळी, कारण सहा खण सारखेच असतात असं नाही. मग प्रत्येक गोळीसाठी एक पान. ती कशाची आहे, तिचं बूड सपाट आहे की पोकळ, अंगावर खाच आहे का, बनवणाऱ्याने तिला किती वेगासाठी बनवलं आहे. पूर्ण दाबाच्या काडतुसासाठी मी दोनच प्रकार ठेवले. एक, खाच असलेली, तांब्याच्या जाड कवचाची गोळी. दुसरी, मध्यम कठीण शिशाची, खांदा असलेली अर्धवॉडकटर, जिच्या बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवलेली असते. तापलेला वायू त्या वाटीवर आदळतो आणि शिसं वाचतं. एल्मर कीथ या अमेरिकन नेमबाजाने त्या आकाराच्या गोळ्यांचा आयुष्यभर पुरस्कार केला. पोकळ बुडाच्या वॉडकटर मी वेगळ्या कपाटात ठेवल्या. त्यांच्यासाठीची दारू कधीही त्याच दिवशी टेबलावर आणली नाही.

फार हलक्या गोळ्याही मी सोडल्या. हलकी गोळी आणि तिच्यामागे भरपूर दारू, हे समीकरण मध्यम बांध्याच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीचं सिलिंडरकडचं तोंड लवकर झिजवतं. जुन्या काही बंदुकांत तिथे चिरा पडलेल्या आहेत. वेगाचा आकडा मोठा येतो खरा. त्याची किंमत नळी भरते.

दारूची वजनं मी इथे मुद्दाम दिलेली नाहीत. त्या वहीतले आकडे त्या बंदुकांचे होते.

२०१३ मध्ये आम्ही परत आलो आणि मुळशीत घर बांधलं. बंदुका अमेरिकेतच परवाना असलेल्या विक्रेत्याकडे दिल्या, प्रेस एका तरुण नेमबाजाला दिला. मायक्रोमीटर बरोबर आणला. वडील तोवर गेले होते. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, पण ते ऐकायला ते नव्हते.

हे सगळं ऐकून शेजारचा तरुण बराच वेळ गप्प होता. चहा निवून गेला होता. मग त्याने पिशवीतली चार काडतुसं काढून टेबलावर मांडली. दोन नव्या प्लॅस्टिकची होती. दोन कागदी अंगाची, त्याच्या वडिलांच्या वेळची. म्हणाला, “ही दोन जरा अडतात, काका. अंगठ्याने दाबली की बसतात.”

मुळशीचा पाऊस कागदाला सोडत नाही. वर्षानुवर्षं भिंतीच्या ओलीत राहिलेलं कागदी काडतूस फुगतं. बारा बोअर या नावातच माप आहे: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड होईल तेवढी ती नळी. अडणारं काडतूस अंगठ्याने दाबून बसवलं, की आपण तेच म्हणतो जे मी १९९१ मध्ये म्हणालो होतो.

मी आतून मायक्रोमीटर आणला आणि त्याच्या हातात दिला. कसा धरायचा, शेवटी बारीक टिकटिक होईपर्यंतच कसा फिरवायचा, ते दाखवलं. त्याने चारही काडतुसं तोंडाशी आणि मध्ये मोजली. आकडे माझ्या वहीच्या कोऱ्या पानावर लिहिले. जुनी दोन स्पष्टच जास्त भरली. ती त्याने स्वतःहून बाजूला सरकवली. ती बंदुकीत घालायची नाहीत, पुढच्या खेपेला पुण्याला जाताना परवानाधारक दुकानदाराकडे न्यायची, असं आमचं ठरलं.

“झालं ना, काका?” तो उठता उठता म्हणाला.

“थांब,” मी म्हणालो. मायक्रोमीटर त्याच्याकडून घेतला आणि चारही काडतुसं पुन्हा एकदा मोजली. त्याच्या आकड्यांशेजारी माझे आकडे लिहिले. ते जुळले, तेव्हा तो गेला.